स्ट्रीट हॉकी: हंगामाच्या शेवटी पहिल्यांदा खेळायला येणाऱ्यांसाठी

दिवस लहान होत जातात, संध्याकाळी बोटं गार पडायला लागतात आणि हंगामभर न चुकता येणारी मंडळी एकेक करून गळायला लागतात. कुणाचा गुडघा धरतो, कुणाचं काम वाढतं. उरलेल्यांना मात्र थंडी पूर्ण उतरायच्या आत अजून तीन-चार वेळा तरी खेळायचं असतं. मग गडी पुरे करायला कुणीतरी तुम्हाला विचारतं, ‘‘येतोस का? माझ्याकडे एक स्टिक जादा आहे.’’ हा लेख अशा बोलावणं आलेल्या माणसासाठी आहे. जरूर जा. शिकायला हा काळ खरं तर चांगला असतो, कारण माणसं कमी असल्यामुळे बॉल तुमच्यापर्यंत वारंवार येतो. फक्त गारठा आणि लवकर पडणारा अंधार यामुळे काही गोष्टी बदलतात, त्या आधी माहीत असाव्यात.

स्ट्रीट हॉकी म्हणजे बर्फ आणि स्केट्स वजा केलेली आइस हॉकी. पायात साधे पळायचे बूट, हातात लांब दांड्याची आणि वाकड्या पात्याची स्टिक, आणि पक म्हणजे बर्फावरच्या रबरी चकतीऐवजी टेनिस बॉलएवढा प्लास्टिकचा बॉल. कॅनडात १९९४ च्या कायद्यानं आइस हॉकीला हिवाळी राष्ट्रीय खेळाचा मान दिला आहे. तिथे घरासमोरच्या रस्त्यावर ही हॉकी खेळत पिढ्या वाढल्या. या खेळाला रीतसर रूपही आहे. बॉल हॉकीच्या नावानं संघटना आहेत, आणि पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९९६ मध्ये स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला झाली. पण तिथे पंच असतात, कठडे असतात, घड्याळ असतं. मित्रांच्या खेळात यातलं काहीच नसतं. जे आधी ठरवलं आणि जे मोठ्यानं बोललं, तेवढाच नियम. नवख्या माणसानं हे एक पक्कं ध्यानात ठेवलं तर बाकीचं खेळता खेळता येतं.

मैदानी हॉकी खेळलेले असाल तर

हात बसलेला असतो, पण काही सवयी सोडाव्या लागतात. मैदानी हॉकीत स्टिकची सपाट बाजूच वापरता येते. इथे पात्याच्या दोन्ही बाजू चालतात, त्यामुळे मनगट उलटं फिरवायची गरज नाही. तिथे पायाला बॉल लागला की फाउल. इथे पायानं बॉल अडवता येतो, स्टिककडे ढकलताही येतो, फक्त पायानं मारलेला गोल धरत नाहीत. आणि गोलच्या मागे खेळ थांबत नाही. मैदानी हॉकीतून आलेला खेळाडू बॉल गोलमागे गेला की हात खाली सोडतो आणि तेवढ्यात समोरचा मागून बॉल काढून पास देऊन मोकळा होतो. पहिल्या दिवशी हे हमखास होतं.

मैदानी हॉकीचा बॉल मात्र चुकूनही बरोबर आणू नका. तो १५६ ते १६३ ग्रॅमचा, टणक असतो, आणि इथे कुणाच्याही अंगावर त्या ताकदीचा मार झेलायचं सामान नसतं. ती स्टिकही घरीच ठेवा.

जागा

बंद गल्लीचं टोक, सुट्टीच्या दिवशी रिकामं पडलेलं पार्किंग, वापरात नसलेलं टेनिस कोर्ट, बास्केटबॉलचं कोर्ट यातलं काहीही चालतं. रस्त्यावर खेळायला परवानगी आहे का, हे विचारून घ्या. टोरांटोसारख्या हॉकीवेड्या शहरातसुद्धा रस्त्यावर हॉकी खेळायला महापालिकेच्या नियमानं मनाई होती. ती २०१६ मध्ये उठवली गेली. पार्किंग खासगी असेल तर मालकाला आधीच सांगितलेलं बरं. खेळ रंगात आल्यावर हाकललं गेलं की सगळ्यांचाच विरस होतो.

पोचल्यावर पहिली पाच मिनिटं जागेवरून एक चक्कर मारा. गटाराची जाळी कुठे आहे ते बघा, बॉल तिथेच जाणार. बारीक खडी झाडून काढा, कारण पळताना पाय घसरतो तो मोठ्या दगडानं नाही, खडीनं. या दिवसांत मुख्य वैरी म्हणजे ओली पानं. वरून कोरडी दिसतात, पण खालचा थर चिकट ओला असतो आणि बुटाखाली साबणासारखा सरकतो. झाडू बरोबर न्या, आणि दोन्ही गोलसमोरची जागा तरी साफ करा, कारण जोरात वळणं आणि थांबणं सगळं तिथेच होतं.

गोल शक्यतो उत्तर-दक्षिण मांडा. हंगामाच्या शेवटी सूर्य खाली आलेला असतो आणि गोल पूर्व-पश्चिम असतील तर एका बाजूच्या गोलकीपरच्या थेट डोळ्यांत ऊन जातं. त्याला बॉल दिसतच नाही. जागा अशी असेल की पर्यायच नाही, तर दर पाच गोलांनी बाजू बदला म्हणजे त्रास दोघांत वाटला जातो.

दोन गोलांमधलं अंतर तीन-तीन खेळाडू असतील तर वीस-पंचवीस मीटर पुरतं. त्याहून लांब केलं तर निम्मा वेळ नुसतं पळण्यात जातो.

बॉल

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हंगामाच्या शेवटी होणाऱ्या बऱ्याच दुखापतींचं आणि कंटाळवाण्या खेळाचं मूळ इथे असतं.

स्ट्रीट हॉकीचा बॉल पोकळ प्लास्टिकचा असतो, आणि प्लास्टिक गारठ्यात कडक होतं. उन्हाळ्यात जो बॉल पोटरीवर बसून नुसता चिमटा काढतो, तोच थंड संध्याकाळी घोट्याच्या हाडावर बसला की माणूस खाली बसतो. शिवाय कडक बॉल जास्त उडतो, पात्यावर ठरत नाही, आणि नवख्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये. जमत नाही असं नसतं. बॉल चुकीचा असतो.

म्हणून हे बॉल वेगवेगळ्या तापमानासाठी वेगवेगळ्या नरमाईचे बनवतात आणि ओळखायला रंग देतात. नारिंगी साधारणपणे उबदार हवेसाठी, गुलाबी थंडीसाठी असतो. गुलाबी मुळातच मऊ असल्यामुळे गारठ्यात कडक होऊनही खेळण्याजोगा राहतो. रंगांचा हिशेब कंपनीगणिक थोडा बदलतो, म्हणून पाकिटावरचं तापमान वाचा. काही बॉलमध्ये आत द्रव असतो, ते कमी उसळतात आणि हातात जड लागतात.

पाकीट नसेल तर अंगठा वापरा. घरून निघताना बॉल अंगठ्यानं दाबून बघा, किती दबतो ते लक्षात ठेवा. खेळायच्या जागी दहा मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा दाबा. अंगठा उमटतच नसेल तर तो बॉल आज नको. दुसरी खूण आवाजाची: खांद्याच्या उंचीवरून डांबरावर सोडा. नरम बॉल ‘थप्प’ असा पडतो, कडक झालेला ‘टक्’ असा वाजतो आणि वर येतो. कानाला एकदा फरक कळला की मग खेळ चालू असतानाही समजतं की बॉल गारठलाय, आता बदलू.

आम्ही दोन बॉल ठेवतो. एक खेळात, एक कुणाच्या तरी जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. दर पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल. एवढ्या साध्या गोष्टीनं शेवटच्या तासाचा खेळ वाचतो.

टेनिस बॉल चालतो का? चालतो, विशेषतः मुलं खेळत असतील तर. वजन साधारण तेवढंच असतं, ५६ ते ५९ ग्रॅमच्या आसपास, आणि लागला तरी फारसं दुखत नाही. पण नवा टेनिस बॉल खूप उसळतो, आणि ओला झाला की त्याची लव पाणी पिऊन जड होते. लव झिजून गुळगुळीत झालेला जुना बॉल उत्तम. आइस हॉकीचा पक मात्र रस्त्यासाठी नाही. टणक रबराची ती चकती १५६ ते १७० ग्रॅमची असते, डांबरावर घसरण्याऐवजी उभी राहून गडगडते आणि लागली तर हाड मोडू शकते.

स्टिक

पहिल्या दिवसासाठी विकत घेऊ नका, मागून घ्या. तरी काय मागायचं ते कळलं पाहिजे.

उंची: बूट घालून सरळ उभे राहा, स्टिक पात्याच्या टोकावर समोर उभी धरा. दांडा हनुवटीच्या आसपास यायला हवा. फार लांब असेल तर बॉल अंगाजवळ आला की हात अडकतात. फार आखूड असेल तर पाठ वाकून दुखते.

बाजू: पात्याला बाक असतो, म्हणून डावी-उजवी स्टिक वेगळी. कुठला हात खाली येतो यावरून ठरतं. क्रिकेटची बॅट उजव्या हातानं धरणाऱ्याचा डावा हात वर असतो, त्याला उजवी स्टिक सोपी वाटते. मैदानी हॉकीतही डावाच वर. पण आइस हॉकीत बरेच उजवे लोक उजवा हात वर ठेवून डावी स्टिक खेळतात, कारण स्टिक वळवायचं काम वरच्या हाताचं असतं आणि खालचा हात नुसता आधार आणि जोर देतो. दोन्ही बाजूंच्या स्टिक घेऊन दोन-दोन मिनिटं बॉल ढकलून बघा. जी धरताना विचार करावा लागत नाही ती तुमची.

आता हंगामाच्या शेवटची गोष्ट. डांबर हे कानशीसारखं असतं. महिनोन्महिने घासून प्लास्टिकचं पातं खालून झिजतं, पातळ होतं आणि त्याची कड सुरीसारखी धारदार होते. उसनी स्टिक हातात आली की आधी पातं उलटं करून कड नुसती नजरेनं तपासा, बोट फिरवू नका. धार दिसली तर खरखरीत सँडपेपरनं दोन मिनिटं घासून गोल करा. पातं टोकाशी निमुळतं होऊन काडीसारखं उरलं असेल तर ती स्टिक बाजूला ठेवा; तिनं पासही नीट जात नाही आणि कुणाच्या तरी नडगीवर ओरखडा मात्र नक्की येतो. लाकडी पातं चिरलं असेल तर हॉकी टेपचे घट्ट वेढे देऊन दिवस निभतो. चांगल्या पात्यावर मात्र टेप लावायची घाई नको. बर्फावर ती उपयोगाची असते, डांबरावर अर्ध्या तासात तिच्या चिंध्या होतात. दांड्याच्या वरच्या टोकाला टेपची गाठ मात्र जरूर हवी, गार हातातून स्टिक निसटत नाही.

अंगावर काय

१ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये आइस हॉकीच्या एका सामन्यात माँट्रियलचा गोलकीपर झाक प्लांट याच्या तोंडावर पक बसला. टाके घालून तो परत आला तो चेहऱ्यावर मास्क चढवूनच, आणि त्यानंतर व्यावसायिक हॉकीत मास्क रुळत गेला. तोपर्यंत जगातले उत्तमोत्तम गोलकीपर उघड्या चेहऱ्यानं उभे राहत होते. हे सांगायचं कारण असं की ‘आपला तर मित्रांचा खेळ आहे’ हे वाक्य डोळ्यांच्या बाबतीत कुणीही म्हणू नये. बॉल डोळ्यावर बसला तर मोठी इजा होऊ शकते. जाळीचं हेल्मेट मिळालं तर उत्तम, नाहीतर न फुटणाऱ्या काचेचा खेळाचा चष्मा घाला. रोजचा चष्मा संरक्षण करत नाही.

हातमोजे घाला. गार पडलेल्या बोटांवर स्टिकचा साधा टोला बसला तरी डोळ्यांत पाणी येतं. हॉकीचे नसतील तर जाड कामाचे चालतील. नडग्यांना फुटबॉलचे पॅड, पुरुषांनी जांघेचा गार्ड. बूट चांगल्या पकडीचे; तळ गुळगुळीत झालेले जुने बूट ओल्या डांबरावर धोक्याचे.

कपडे थरांत घाला. पहिल्या दहा मिनिटांत घाम येतो आणि जाकीट निघतं. बाहेर बसलात की पाच मिनिटांत पाठ गार पडते आणि ते पुन्हा चढवावं लागतं. त्यासाठी आतला सदरा कोरडा बदलायला एक जास्तीचा न्या. पाणीही न्या. गारठ्यात तहान कळत नाही, घाम मात्र जातोच.

गोलकीपर

आइस हॉकीचा गोल १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असतो, घडीची जाळीही साधारण तेवढ्याच मापाची मिळते. तिच्यासमोर मास्क आणि पॅड घातलेला माणूस असेल तरच बॉल उचलून मारायचा. मास्क नसलेल्या कुणालाही, आणि नव्या माणसाला तर मुळीच, गोलमध्ये उभं करू नका. ‘तू नवीन आहेस, तू गोलमध्ये थांब’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

गोलकीपर नसेल तर गोल लहान करा. दोन बूट, एका स्टिकच्या लांबीएवढ्या अंतरावर. बॉल जमिनीवरूनच आत गेला पाहिजे. आणि गोलसमोर कुणी ठाण मांडून बसायचं नाही. तीन-तीनच्या खेळाला हाच प्रकार मला जास्त आवडतो, कारण गोल करायला पास द्यावेच लागतात.

संघ पाडणं

याची एक जुनी, सुंदर रीत आहे. सगळे आपापल्या स्टिक मध्यभागी एका ढिगात टाकतात. एक जण गुडघ्यावर बसतो, डोळे मिटतो किंवा टोपी खाली ओढतो, आणि ढिगातून दोन्ही हातांनी एकेक स्टिक उचलून एक डावीकडे, एक उजवीकडे सरकवत जातो. प्लास्टिक डांबरावर खरडत जाण्याचा तो आवाज संपेपर्यंत कुणी फारसं बोलत नाही. ढीग संपला की जो तो आपली स्टिक शोधत जातो, आणि ती ज्या बाजूला पडली तो आपला संघ. कुणाला शेवटी निवडलं जात नाही, कुणी नको असलेला ठरत नाही. नव्या माणसासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही. संघ फारच विजोड झाले तर पाच गोलांनंतर पुन्हा ढीग करायचा.

बॉल टाकायच्या आधी काय ठरवायचं

दोन मिनिटं लागतात. वर्तुळात उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून घ्या. पुढे होणाऱ्या भांडणांपैकी बहुतेक या दोन मिनिटांत मिटतात.

स्टिक कमरेच्या वर जाणार नाही, मागे नेतानाही नाही आणि मारून झाल्यावरही नाही. यातच स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक मागे उगारून मारलेला फटका, बंद होतो. अंगानं धक्के नाहीत. समोरच्याच्या हातावर किंवा स्टिकवर वार नाहीत. त्याची स्टिक आपल्या स्टिकनं खालून उचलून बॉल काढणं चालतं. बॉल हातानं झेलला तर लगेच पायाशी टाकायचा, हातानं पास नाही. बॉल हद्दीबाहेर गेला तर ज्यानं मारला त्यानं आणायचा, आणि खेळ दुसऱ्या संघाकडून सुरू. गोल झाला की नाही यावर दोन मतं असतील तर गोल नाही, मध्यातून पुन्हा सुरुवात. हा शेवटचा नियम कधी कधी अन्याय करतो हे मला मान्य आहे, पण थंडीत पंधरा मिनिटं वाद घालत उभं राहण्यापेक्षा तो बरा. सगळे गारठतात, आणि गारठलेल्या स्नायूंवर एकदम पळायला गेलं की मांडी धरते.

रस्त्यावर खेळत असाल तर सगळ्यात वरचा नियम: गाडी दिसली की ज्याला आधी दिसली त्यानं ‘‘गाडी!’’ ओरडायचं. कॅनडात रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांची ही हाक सगळ्यांना ठाऊक असते, आणि गाडी गेली की दुसरी हाक येते, ‘‘गेम ऑन!’’ नवीन आहात म्हणून ओरडायला लाजू नका. तुम्ही बाहेर बसलेले असाल तर ते तुमचंच काम. हाक आली की बॉल गोलमध्ये जात असला तरी सगळं सोडून बाजूला व्हायचं, गोल बाजूला सरकवायचे, ड्रायव्हरला हात करायचा. आणि बॉल रस्त्यावर घरंगळला तर त्याच्यामागे पळायचं नाही. थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग आणायचा.

पहिली दहा मिनिटं

सुरुवात फेस-ऑफनं होते. दोघं समोरासमोर, बॉल मध्ये. पात्यानं एकदा जमिनीला टेकायचं, एकदा समोरच्याच्या पात्याला, असं तीनदा, आणि तिसऱ्या टकटकीनंतर बॉलवर तुटून पडायचं.

त्याआधी अंग गरम करा. जागेवर हळू पळा, घोटे आणि मनगटं फिरवा, आडव्या उड्या मारा. मग एकेक जोडीदार घेऊन पास. बॉलला ठोकू नका. पातं बॉलच्या मागे लावा आणि जमिनीवरून झाडू मारल्यासारखं पुढे न्या, बॉल पात्याच्या टाचेकडून, म्हणजे दांड्याजवळच्या भागाकडून, टोकाकडे फिरत सुटला पाहिजे. शेवटी पातं जिथे रोखलं असेल, बॉल तिकडे जाईल. पास घेताना पातं बॉलवर किंचित कलतं धरा आणि बॉल लागताच एक वीतभर मागे ओढा, अंडं झेलावं तसं. कडक धरलेल्या पात्यावरून बॉल परत उडतो.

बॉल पायाशी खेळवताना खालचा हात सैल. तो दांड्यावर वर-खाली सरकला पाहिजे. पात्यानं बॉलच्या या बाजूला, त्या बाजूला हलकेच स्पर्श करत राहा, आणि जमेल तसं मान वर काढा. पहिल्या दिवशी मान वर येत नाही, ठीक आहे. निदान पास मिळण्याच्या आधी एकदा आजूबाजूला बघून घ्या, म्हणजे बॉल आल्यावर कुठे द्यायचा ते ठाऊक असेल.

खेळताना

नवखे बॉलच्या मागे मधमाश्यांसारखे जातात. सगळे एका जागी गोळा होतात आणि कुणालाच पास देता येत नाही. तुम्ही बॉलपासून पाच-सहा पावलं लांब, समोरच्या खेळाडूंच्या आड न येणाऱ्या जागी उभे राहा, पातं जमिनीवर टेकवा आणि हाक मारा. टेकवलेलं पातं म्हणजे ‘इथे दे’ अशी खूण. पात्यानं दोनदा जमिनीवर ठोकलं तर ते ऐकूही जातं. तीन जणांचा त्रिकोण ठेवता आला तर निम्मी हॉकी आली असं समजा.

बॉल समोरच्यांकडे असताना त्याच्या आणि तुमच्या गोलच्या मधे राहा. बॉलवर झडप घालू नका. चुकली की तो मोकळा. स्टिक एका हातानं पुढे, पातं जमिनीवर, पासची वाट अडवेल असं. त्याला कडेला ढकलत न्या. तिथून गोल करणं अवघड असतं.

आणि बोला. ‘‘मागे माणूस!’’, ‘‘वेळ आहे!’’, ‘‘मी मोकळा!’’ एवढे तीन शब्दप्रयोग पुरतात. हातात कसब नसलेला पण सतत बोलणारा खेळाडू संघाला किती उपयोगी पडतो हे मी अनेकदा पाहिलं आहे. एका संध्याकाळी आमच्याकडे पहिल्यांदाच आलेली एक मैत्रीण बॉलला जेमतेम दहा वेळा शिवली असेल. पण ती मागे उभी राहून प्रत्येकाला पाठीमागून कोण येतंय ते सांगत होती. तिचा संघ जिंकला, आणि पुढच्या वेळी स्टिकचा ढीग पाडताना तिची स्टिक आपल्या बाजूला पडावी असं जो तो मनात म्हणत होता.

दम लागला की लगेच बाहेर या. दीड-दोन मिनिटं जोरात खेळून बदली करणं चांगलं. थकलेल्या माणसाची स्टिक वर जाते, आणि मग लागतं.

अंधार

ऊन गेल्यावर नारिंगी बॉल विचित्र वागतो. उजेडात तो सगळ्यात ठळक दिसतो, पण संधिप्रकाशात एकाएकी करडा होऊन डांबरात मिसळतो. दोष तुमच्या नजरेचा नाही. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि मंद प्रकाशात काम करणाऱ्या दुसऱ्या पेशी पुढे येतात. त्यांना लाल-नारिंगी रंग जवळजवळ काळपट दिसतो. पिवळा-हिरवा त्यामानानं उशिरापर्यंत टिकतो. म्हणून शेवटच्या वीस मिनिटांसाठी पिशवीत एक पिवळा बॉल असू द्या.

थांबायची वेळ सुरुवातीलाच ठरवा, सूर्यास्त किती वाजता आहे ते बघून. खेळाच्या भरात ‘अजून दिसतंय’ असं सगळेच म्हणतात. माझी कसोटी अशी: दहा पावलांवर ठेवलेल्या बॉलची कड स्पष्ट दिसत नसेल तर थांबायचं. त्याआधी कुणीतरी मोठ्यानं सांगायचं, ‘‘पुढचा गोल, तो जिंकला!’’ मग आधीचा हिशेब नऊ-दोन असला तरी पुसला जातो. दमलेली माणसं या एका गोलासाठी जशी पळतात तशी तासभरात पळालेली नसतात. म्हणूनच या वेळी स्टिक खाली ठेवण्याची आठवण पुन्हा एकदा करून द्या.

लागलं तर

मुका मार असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. खरचटलं असेल तर आधी वाहत्या पाण्यानं खडी आणि माती पूर्ण धुवा, मग पट्टी. दात निखळला तर मुळाला हात न लावता वरच्या भागानं धरा, दुधात ठेवा आणि तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. डोळ्याला बॉल लागला तर चोळू नका, दाबू नका, थोड्या वेळानं बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवाच. डोक्याला लागून गरगरलं, मळमळलं, तर त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, एकट्यानं घरीही जायचं नाही.

आवरताना

मोबाइलच्या उजेडात झुडपांखाली आणि गाड्यांखाली बॉल शोधा. मोजून जितके आणले तितके परत. झाडलेली पानं रस्त्याच्या मधे ढीग करून सोडू नका. उसनी स्टिक परत देण्याआधी पुसून द्या, आणि पातं झिजलेलं दिसलं तर मालकाला सांगा.

स्टिक आणि बॉल गाडीत ठेवून हिवाळा काढू नये. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्याच फटक्याला तडकतं. गोलकीपरचे पॅड घरात उघडे टांगून वाळवा. दांड्याच्या टोकाची टेप सोडवून टाका, ओल धरून तिच्याखाली लाकूड कुजतं.

आमच्याकडे शेवटच्या दिवशी खेळातला बॉल सगळ्यात नव्या माणसाच्या हातात देतात. त्यानं तो घरात, उबेला ठेवायचा, आणि हवा तापली की पहिल्या दिवशी घेऊन यायचा. तो आल्याशिवाय ढिगातल्या स्टिकला कुणी हात लावत नाही.